बाटलीतील झुडपे

‘टिश्यू कल्चर’ हे शब्द आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आता कोणाला नवे राहिलेले नाहीत. पैनगंगेच्या काठच्या उमरखेड-महागाव भागातील केळीवाला शेतकरी, “औंदा टिश्यू लावली,” असे सहज सांगतो. मात्र त्या शब्दांचा अर्थ विचारला तर निरनिराळी उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो ते संकरित बियाणे आहे. कोणी म्हणतो ते ‘बीटी’सारखेच काही तरी आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हापासून प्रयोगशाळेतून आलेली प्रत्येक गोष्ट आमच्याकडे ‘बीटी’ ठरते. वस्तुतः या दोहोंचा काडीइतकाही संबंध नाही. बीटी कापसात एका जीवाणूचे जनुक कापसाच्या जनुकांत घातलेले असते. टिश्यू कल्चरमध्ये बाहेरचे काहीच घातले जात नाही. मूळ झाड जसे असेल तसेच नवे रोप मिळावे, हाच त्याचा उद्देश असतो.

मी कला शाखेचा, भूगोलाचा विद्यार्थी. बारावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. तरीही हा विषय मी निवडला, याचे कारण माझी मामेबहीण. ती एका खाजगी प्रयोगशाळेत काम करते आणि एम्‌.एस्सी.च्या वेळी तिने चित्रक या औषधी झुडपावर प्रयोग केले होते. गेल्या दोन दिवाळीच्या सुट्यांत मी तिच्या प्रयोगशाळेत बरेच तास घालविले, तिला पुष्कळ प्रश्न विचारले आणि तिने दिलेली पुस्तके वाचली. केळीविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. पण सर्पगंधा, गुग्गुळ, नरक्या, चित्रक अशा औषधी झुडपांची रोपे बाटलीत का वाढवावी लागतात, याविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते. तेवढीच येथे सांगावयाची आहे.

प्रथम मूळ कल्पना पाहू. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊतक म्हणतात. म्हणून ‘टिश्यू कल्चर’ला आपल्या परिभाषेत ऊतक-संवर्धन हा शब्द आहे. नाव अवघड असले तरी कल्पना आपल्या घरची आहे. निर्गुडीची फांदी तोडून पावसाळ्याच्या तोंडी कुंपणाला खोवली की तिला पाने फुटतात, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणजे झाडाच्या एका तुकड्यात पुन्हा सबंध झाड होण्याची शक्ती असते. प्राण्याचे तसे नाही. बैलाच्या शेपटीपासून बैल होत नाही. आता प्रश्न असा, की हा तुकडा किती लहान करता येईल? वीतभर फांदी चालते. मग बोटाच्या पेराएवढी चालेल का? तांदळाच्या दाण्याएवढी? आणि शेवटी, एकच पेशी चालेल का?

हा शेवटचा प्रश्न १९०२ साली गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने विचारला. पानांतील सुट्या पेशी साखर व क्षार असलेल्या द्रवात ठेवून त्याने त्या वाढविण्याचा प्रयत्न केला. पेशी काही आठवडे जगल्या, थोड्या मोठ्याही झाल्या. पण एकीचेही विभाजन झाले नाही. त्याची कल्पना खरी होती, पण वनस्पतीच्या वाढीचे नियंत्रण करणारी द्रव्ये तेव्हा कोणाला माहीत नव्हती. ती हाती येण्यास पुढे अर्धे शतक लागले. हाबरलांटने मात्र आपल्या निबंधात, एक दिवस हे साधेल, असे लिहून ठेवले होते.

या इतिहासात मला सर्वांत गंमत वाटली ती धोतऱ्याची. आपल्याकडे धोतरा उकिरड्यावर उगवतो, महादेवाला वाहिला जातो आणि दम्याच्या औषधात त्याचा उपयोग होतो. पण ऊतक-संवर्धनाच्या इतिहासात या उपेक्षित झुडपाने दोनदा मोलाची कामगिरी केली. १९४१ साली अमेरिकेत फान ओव्हरबीक व त्यांचे सहकारी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ बीजातून काढून वाढवू पाहत होते. ते काही केल्या वाढेनात. शेवटी त्यांनी द्रवात नारळाचे पाणी घातले आणि गर्भ वाढू लागले. पुढे १९६४ साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांचे संवर्धन केले, तेव्हा परागकणांपासूनच रोपे उगवली! परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो. म्हणून अशा रोपांचे महत्त्व वनस्पतींच्या सुधारणेत फार मोठे ठरले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज हा प्रयोग आहे. तो आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्याच्याच जातभाईवर झाला, ही गोष्ट मला फार आवडते.

नारळाच्या पाण्यात असे काय असते, याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञ वाढीच्या द्रव्यांपर्यंत पोहोचले. १९५५ साली विस्कॉन्सिन येथे मिलर, स्कूग व सहकाऱ्यांना कायनेटिन हे द्रव्य मिळाले, आणि तेही कशातून, तर हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील जुन्या, शिळ्या डीएनएमधून! त्यानंतर १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी जे दाखवून दिले त्यावर हे सर्व शास्त्र आज उभे आहे. वनस्पतीत ऑक्सिन आणि सायटोकायनिन अशी दोन प्रकारची वाढद्रव्ये असतात. ऑक्सिनचे प्रमाण जास्त ठेवले तर तुकड्याला मुळे फुटतात. सायटोकायनिन जास्त ठेवले तर कोंब फुटतात. दोन्ही सारखी ठेवली तर नुसताच पेशींचा गोळा वाढत राहतो. त्याला किण म्हणतात. म्हणजे तोच तुकडा, तीच बाटली; केवळ दोन द्रव्यांचे माप बदलले की कधी मूळ, कधी कोंब. तिफणीच्या जोडीतला एक बैल जोरात चालला की तास ज्या बाजूला वळावे त्यातलाच हा प्रकार होय. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशींसाठी क्षारांचे एक माप ठरविले. तेच माप आज केळीपासून सर्पगंधेपर्यंत बहुतेक सर्वत्र वापरतात, आणि प्रयोगशाळेत त्याला थोडक्यात ‘एमएस’ म्हणतात.

आता प्रत्यक्ष प्रयोगशाळा. मी प्रथम गेलो तेव्हा काही तरी अद्भुत पाहावयास मिळेल अशी माझी समजूत होती. पण पहिली खोली पाहून मला एखाद्या मोठ्या स्वयंपाकघराची आठवण झाली. भांडी धुण्याची मोरी, काचेच्या शेकडो बाटल्या, तराजू, डबे. एक लिटर ‘एमएस’ करावयाचे तर त्यात १,९०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, १,६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट, शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, थोडे जस्त, किंचित बोरॉन, काही जीवनसत्त्वे आणि ३० ग्रॅम साखर घालतात. साखर का? तर बाटलीतले रोप आपले अन्न पुरेसे तयार करू शकत नाही, त्याला आयते द्यावे लागते. हे सर्व घट्ट व्हावे म्हणून त्यात आगर घालतात. आगर म्हणजे फालुद्याच्या दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळते तेच, समुद्रशैवालापासून काढलेले. मग बाटल्या भरून १५ पौंड दाबाखाली, १२१ अंश सेल्सिअसला, १५ ते २० मिनिटे वाफवितात. हा दाब साधारणपणे आपल्या घरच्या कुकरइतकाच असतो. म्हणूनच काही लहान महाविद्यालयांत हे काम मोठ्या कुकरवर भागवितात, असे ताईने सांगितले.

एवढी वाफ कशासाठी? ज्या अन्नावर रोप वाढते त्याच अन्नावर बुरशी आणि जीवाणू शंभरपट वेगाने वाढतात, यासाठी. सर्व कौशल्य खरे तर येथेच आहे. चित्रकाची कोवळी फांदी आणली की तिची पाने काढून, डोळा असलेली पेरे तेवढी ठेवून, ती साबणाच्या पाण्याने व नंतर वाहत्या नळाखाली धुतात. त्यानंतर मर्क्युरिक क्लोराइडच्या अगदी सौम्य द्रावणात काही मिनिटे बुडवितात. हे पाऱ्याचे विषारी संयुग आहे. वेळ कमी झाला तर बुरशी जिवंत राहते, जास्त झाला तर डोळाच मरतो. पुढचे काम गाळलेल्या हवेच्या झोतासमोर, हात अल्कोहोलने पुसून, चिमटा दर वेळी ज्योतीवर तापवून करावयाचे. त्या जागी बसल्यावर बोलायचेही नाही. माझी ताई घरी एक क्षण गप्प बसत नाही. तेथे ती दोन-दोन तास एक शब्द न बोलता बसते, हे पाहून मामींना सांगावेसे वाटले.

तिसऱ्या दिवशी निकाल लागतो. स्वच्छ बाटलीत काही दिसत नाही. बिघडलेल्या बाटलीत पेराभोवती पांढरा कापूस पसरतो. रानातून आणलेल्या झुडपांत असे बिघडण्याचे प्रमाण फार असते, विशेषतः पावसाळ्यात. शिवाय चित्रक, गुग्गुळ यांसारख्या झुडपांची आणखी एक खोड आहे. कापलेल्या जागेतून त्यांचा रस बाहेर येतो आणि बाटलीतील अन्न तपकिरी, मग काळे करून टाकतो. कापलेले वांगे काळे पडते तसे. या काळ्या द्रव्यांनी तुकडा स्वतःच मरतो. त्यावर उपाय म्हणून अन्नात लोणारी कोळशाचाच सुधारलेला भाऊ असा सक्रिय कोळसा किंवा ‘क’ जीवनसत्त्व घालतात आणि पहिले काही दिवस तुकडा वरचेवर नव्या बाटलीत हलवितात. केळीपेक्षा झुडूप अवघड ते याच कारणाने. झुडपाचे खोड लाकडी होत जाते आणि वय झालेल्या लाकडाला पुन्हा कोवळेपण आणणे सोपे नाही.

हे सर्व पार पडले की पेराच्या डोळ्यातून कोंब निघतो. सायटोकायनिनमुळे एका कोंबाच्या जागी कोंबांचा झुबका होतो. दर चार आठवड्यांनी झुबका सोडवून प्रत्येक कोंब वेगळ्या बाटलीत लावावयाचा. एकाचे चार झाले असे धरले तर सहा महिन्यांत एका डोळ्यापासून ४,०९६ कोंब होतात. हा कागदावरचा हिशेब; प्रत्यक्षात बुरशी, वीज जाणे, वातानुकूलन बंद पडणे यांनी त्याला बरीच गळती लागते. तरीही फांद्या लावून एवढी रोपे एवढ्या वेळात कधीच होणार नाहीत. पुढे क्षार निम्मे करून आणि ऑक्सिन घालून कोंबांना मुळे आणतात.

यानंतरचा टप्पा आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण. बाटलीत हवा दमट, ऊन नाही, तापमान कायम २५ अंशांच्या आसपास. तेथे वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट येत नाही आणि पानांची रंध्रे मिटण्याचे काम शिकलेलीच नसतात. असे रोप एकदम बाहेर काढले तर तासाभरात मान टाकते. म्हणून मुळांना चिकटलेले आगर धुऊन, नारळाच्या काथ्याच्या भुशात लावून, प्रथम प्लास्टिकखाली, मग हिरव्या जाळीखाली, असे चार ते सहा आठवडे त्याला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात. यवतमाळचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. मार्च ते जूनमध्यापर्यंत हे काम येथे न केलेलेच बरे. रोपे बाटलीतून मृगानंतर बाहेर काढावी, असे वेळापत्रक उलटे मोजून ठरवावे लागते.

येथवर रीत झाली. पण ही उठाठेव कशासाठी, हे समजण्यासाठी सर्पगंधेची हकीकत सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. सर्पगंधा हे हातभर उंचीचे लहान झुडूप. तिच्या मुळीचा उपयोग उन्माद, निद्रानाश, सर्पदंश यांवर वैद्य पूर्वापार करीत. १९३१ साली कलकत्त्याचे सेन व बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरविते असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीत सिद्दिकी बंधूंनी तिच्यातून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले ते मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ साली त्यांनी वाढत्या रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

सन्मान झाला, पण झुडपाचे काय झाले? जगभरातून मुळीला मागणी आली आणि रानोमाळ खोदाई सुरू झाली. सर्पगंधेचे औषध मुळात आहे. मूळ खणले की झुडूप संपले. अडुळशाची पाने तोडली तर पुन्हा फुटतात, हिरड्याची फळे वेचली तर झाड उभेच असते. मुळीचे तसे नाही. १९५५ पासूनच सरकारला मुळीच्या निर्यातीवर बंधने घालावी लागली आणि १९९० साली तिचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत झाला. मग शेतात का लावत नाहीत? लावतात, पण बियांपैकी बऱ्याच पोकळ निघतात आणि उगवण बेभरवशाची असते. मुळीचे तुकडे लावता येतात, पण मुळी हेच तर औषध. म्हणजे बाजारात न्यावयाचा मालच बियाणे म्हणून मातीत घालावयाचा. खोडाच्या फांद्याही लागतात, पण थोड्या. अशा ठिकाणी ऊतक-संवर्धन खरोखर उपयोगी पडते, कारण एका चांगल्या झुडपाला हात न लावता, त्याची दोन-चार पेरे घेऊन काम भागते. आपल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८० नंतरच्या दशकात हेबळे, रोजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्पगंधेच्या कोंबांचे झुबके बाटलीत वाढवून त्यांतील अल्कलॉइडांचा अभ्यास केला. रोप झाले एवढ्यावर औषधी वनस्पतीत थांबता येत नाही; त्यात औषध आहे काय, हेही पाहावे लागते. केळीला हा प्रश्न नसतो, खाऊन पाहिले की झाले.

दुसरे उदाहरण नरक्याचे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाढणारे हे लहान झाड, घाणेरड्या वासामुळे त्याला हे नाव पडले. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर परिणाम करणारे द्रव्य काढले. तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर आहे, हे १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले. त्या वेळी गोविंदाचारी मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. या द्रव्यापासून बनविलेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सह्याद्रीतील नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली. २००१ साली ट्रॉम्बेच्याच फुलझेले व सहकाऱ्यांनी नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून त्यांत कॅम्प्टोथेसिन तयार होते असे प्रसिद्ध केले. म्हणजे येथे झाड तर नाहीच, रोपही नाही; नुसत्या पेशींकडूनच औषध करून घ्यावयाचे. जपानमध्ये १९८३ पासून एका वनस्पतीच्या पेशींपासून शिकोनिन नावाचे तांबडे द्रव्य अशा रीतीने कारखान्यात काढले गेले होते. कॅम्प्टोथेसिनचे पेशींतील प्रमाण मात्र झाडाच्या मानाने फार कमी असते, त्यामुळे कुऱ्हाड त्याने थांबलेली नाही.

गुग्गुळ आपल्याकडचा नव्हे, तो राजस्थान-कच्छच्या रुक्ष प्रदेशातला. पण योगराज गुग्गुळाच्या गोळ्या आमच्या यवतमाळातही घरोघरी असतात, म्हणून दोन शब्द. जास्त डिंक मिळावा म्हणून झुडपाला इतक्या खोल जखमा करतात, की ते वाळून जाते. आज ही जात अति-संकटग्रस्त मानली जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील बर्वे आणि मेहता यांनी १९९३ साली निवडक, वाढलेल्या गुग्गुळांपासून रोपे करण्याची रीत प्रसिद्ध केली.

आता उलट बाजू. प्रत्येक औषधी झुडपाला बाटलीची गरज आहे असे समजणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे मला वाटते. अडुळसा घ्या. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला लावतात. फांदी खोवली की लागतो. बाजारातील खोकल्याच्या औषधांतील ब्रोमहेक्सिन हे अडुळशातील व्हॅसिसिनवरूनच तयार झाले, इतका तो गुणी आहे. पण त्याची बाटलीत रोपे करणे म्हणजे विहिरीला लागून नळ घेणे. निर्गुडीचेही तेच. अश्वगंधा बियांपासून सुरेख येते. चित्रकाच्या फांद्याही लागतात. ताईने त्याची निवड केली ती शिकण्यासाठी, आणि एका विशिष्ट झुडपात प्लंबॅजिन हे द्रव्य जास्त असेल तर त्याचीच हजारो रोपे करता येतील यासाठी. म्हणजे प्रश्न दोनच विचारावयाचे : हे झुडूप साध्या रीतीने वाढते काय? आणि नसेल, तर ज्या झुडपाचे पेर घेतले ते निवडून, तपासून घेतले आहे काय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर निकस झुडपाच्याच दहा हजार प्रती निघतात.

हे लिहिताना माझ्यासमोर सफेद मुसळी आहे. ती झुडूप नव्हे, कंदवर्गीय आहे. पण तिचा धडा येथे लागू पडतो. २००० सालानंतरच्या काही वर्षांत विदर्भात मुसळीची मोठी हवा झाली. माझ्या दारव्हा तालुक्यातील काकांनी एका कंपनीकडून भारी दराने बेणे घेतले. माल आम्हीच विकत घेऊ, असा कागदही मिळाला होता. पीक वाईट आले नाही. पण खणणी, सोलणे, वाळविणे यांत मजुरी गेली, आणि माल तयार झाला तेव्हा घेणाऱ्याच्या कचेरीला कुलूप होते. काकांनी ते वाळलेले कंद दोन वर्षे पत्र्याच्या पेटीत ठेवले, शेवटी मिळेल त्या भावाने दिले. रोपे महाग असण्यात गैर काही नाही. परंतु रोपे विकणाराच पिकाचा भाव सांगत असेल तर त्याचे ऐकू नये, असे काका आता येईल त्याला सांगतात. ऊतक-संवर्धनाने तयार केलेल्या रोपांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली प्रमाणपत्राची पद्धत सुरू केली आहे. तीत रोप विषाणूमुक्त आहे काय आणि मूळ जातीशी जुळते काय, एवढे पाहिले जाते. भावाची हमी त्यात नसते.

आणखी एक गोष्ट भूगोलाचा विद्यार्थी म्हणून माझ्या मनात येते. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव या भागांतील कोलाम कुटुंबे तेंदूपाने, मोहफुले, डिंक यांबरोबर औषधी मुळ्याही गोळा करतात. वैदूंना आणि व्यापाऱ्यांना जंगल दाखविणारे डोळे त्यांचे. वनस्पतिसर्वेक्षण संस्थेने १९९३ साली ‘यवतमाळ जिल्ह्याची वनश्री’ या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला आहे. त्यातील कितीतरी झुडपांची स्थानिक नावे आणि उपयोग या लोकांना पुस्तकावाचून पाठ असतात. शतावरी किंवा चित्रक शेतात येऊ लागले तर रानातली खोदाई थांबेल, हे खरे. पण शेत ज्याच्याकडे आहे त्याला उत्पन्न मिळेल आणि ज्याच्याकडे नाही त्याचे गोळा करण्याचे कामही जाईल, हेही तितकेच खरे आहे. मी ताईला हे विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाटलीत एवढं सगळं मावत नाही रे.” माझ्या मते रोपे तयार करण्याच्या जागा, म्हणजे हिरव्या जाळीच्या लहान रोपवाटिका, पांढरकवड्याच्या बाजूच्या कोलाम पोडांवर निघावयास हव्यात. बाटलीतले काम शहरात होवो. पण रोपाला हवेची सवय लावण्याचे काम करण्यासाठी पदवी लागत नाही, दररोजची निगा लागते, आणि तिची मजुरीही बरी असते.

रानाच्या दृष्टीने बाटलीतली रोपे पुरेशी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एकाच झुडपाची ४,०९६ रोपे म्हणजे ४,०९६ झुडपे नव्हेत. ते एकच झुडूप ४,०९६ ठिकाणी उभे असते. एखादा रोग त्याला मारक ठरला तर सर्वांना मारक ठरतो. बीजातून आलेल्या झुडपांत प्रत्येकाचा स्वभाव थोडा वेगळा असतो आणि दुष्काळात त्यांतली काही तरी तगतात. म्हणून शेतासाठी बाटलीतली रोपे आणि रानासाठी बियांची रोपे, अशी वाटणी तज्ज्ञ सुचवितात. ज्यांना निरनिराळी झुडपे एकाच ठिकाणी पाहावयाची असतील त्यांनी अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान अवश्य पाहावे. यवतमाळातही याच विद्यापीठाचे कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. आपल्या महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाने तेथे एक सहल नेली तर कला शाखेच्या विद्यार्थ्यांचीही सोय होईल.

गेल्या जुलैत ताईने बाटलीतून काढलेली चित्रकाची ३० रोपे मामांच्या बांधावर लावली. मामांनी प्रथम, “हे रानात फुकट मिळते,” म्हणून नाक मुरडले, पण श्रावणात खंड पडला तेव्हा हंड्याने पाणी घातले ते त्यांनीच. त्यांपैकी २२ जगली. पौषात त्यांना पांढरी फुले आली होती, आणि फुलांखालचे चिकट देठ धोतराला लागतात अशी मामांची तक्रार आहे. मुळ्यांत प्लंबॅजिन किती उतरले, हे मुळ्या खणल्यावाचून कळणार नाही, आणि खणणीला अजून वर्ष आहे.